हॉर्न माझ्या तोंडात, मग तो आवाज कुणाचा?

पांढरी साडी, पैंजण, अमावस्या... काय काय मनात आणलंत? सगळं परत ठेवा. ही गोष्ट सकाळी सव्वाअकराची आहे, गव्हाणजवळच्या एका गोडाऊनमधली. आणि मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस. सुकापूरला आमच्या बिल्डिंगमध्ये भुताचे आवाज मीच काढायचो!

तर, आमचं फोर्कलिफ्टचं सेफ्टी ट्रेनिंग चालू होतं. शिकवायला म्हात्रे सर. त्यांची नक्कल हा माझा फेमस आयटम — "एऽऽ शहाण्या, हॉर्न कोण देनार, तुझा काका?" पण त्या दिवशी सरांचा घसा पार बसलेला. नुसती फुसफुस. शिट्टी वाजवून आणि फळ्यावर लिहून शिकवत होते बिचारे.

माझा नंबर आला. बॅटरीवरची गाडी, आवाज जवळजवळ नाहीच. म्हणून नियम — रॅकच्या कोपऱ्यावर थांबायचं, हॉर्न द्यायचा, मगच वळायचं. मी काय केलं? पोरांना हसवायला तोंडानेच हॉर्न काढला. "पॉंऽऽ पॉंऽऽ!" बटणाला हातच लावला नाही. आणि तसाच, पॉं पॉं करतच वळलो.

तेवढ्यात अगदी कानाशी सरांचा आवाज. खणखणीत.

"एऽऽ थांब!"

पाय आपोआप ब्रेकवर. गाडी थांबली... आणि माल उचलायच्या लोखंडी काट्यांपुढे हातभर अंतरावर जनादादा! आमचे सीनियर ऑपरेटर. खाली बसून, सांडलेले बॉक्स गोळा करत होते.

"आरं, तुजा पॉं पॉं आयकला मी," दादा घाम पुसत म्हणाले. "आमाला वाटला मस्करी करतोस, म्हनून उठलो नाय."

मी मागे वळून बघितलं. सर कुठे होते? पार दाराशी, फळ्याजवळ, तोंडात शिट्टी.

तो आवाज सगळ्यांनी ऐकला. आणि सगळे एकच म्हणतात — "तूच काढलास की!" अरे पण माझं तोंड तर पॉं पॉं करत होतं! एका तोंडातून दोन आवाज? घरी आरशासमोर करून बघितलं. नाही जमत. कुणालाच नाही जमणार. मग कोण ओरडलं? आजही माहीत नाही.

संध्याकाळी जनादादा डबा अडकवून स्कूटरवरून गेटबाहेर पडेपर्यंत मी बघत उभा होतो. एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

हां, त्याआधी शिव्या खाल्ल्याच. सरांनी फळ्यावर इतक्या जोरात लिहिलं की खडू तुटला — "हॉर्न बटणाने देतात. तोंडाने देणारा उद्यापासून पहिल्या धड्यावर." मग मला पुढे बोलावून, सगळ्यांसमोर दहा वेळा मोठ्याने वाचायला लावलं.

मी सवयीने त्यांच्याच आवाजात सुरू केलं.

सर कानाशी फुसफुसले, "तुझ्या आवाजात वाच, गाढवा."