ताईसाठी मी मागून घेतलेला महिना

माझ्या थोरल्या बहिणीला, शेवंताताईला, नागपुरातल्या एका रुग्णालयाच्या व्यवस्थापकानं फसवलं. तिथल्या नोंदणीच्या खिडकीत ती सव्वीस वर्षं बसली होती. सौदा मी केला होता. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी तिच्या सुनेचा फोन आला, "मामा, आई उठून नाही राहिल्या…" ताई झोपेतच गेली होती. फसवणुकीचं मला तेव्हाही काही ठाऊक नव्हतं.

ताईची शिकायची एक रीत होती. चाळिशीत ती लुना शिकली. मी मागं धावायला गेलो, तर म्हणाली, "आज फक्त ब्रेक. वळण उद्या." मी चिडलो, लोक एका सकाळीत शिकतात! ती हसली. "विरजण लावलं का हलवू नये गा. माह्यं डोकं तसंच हाये. एक गोष्ट लावाची, झाकून ठेवाची, सकाळी पाहाची." आठ दिवसांनी ती एकटीच धरमपेठेपर्यंत जाऊन आली, तीही माझ्या संत्र्याच्या ठेल्यासमोरून हॉर्न वाजवत. एकदम खूप काही सांगितलं की तिच्या तोंडाला कोरड पडे, येत असलेलंही सुटे. हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

या उन्हाळ्यात धंतोलीतल्या त्या रुग्णालयात वह्या गेल्या आणि संगणक आला. आठ दिवसांत शिका, असा हुकूम निघाला. ताई माझ्याकडे आली. मी संत्र्याचा व्यापारी, ठेल्यावरून गाळ्यापर्यंत आलेला. त्यांच्या कॅन्टीनला फळं माझीच जात. "तुले बोलता येते गा. माह्यासाठी थोडे दिवस मागून पाय."

मी गेलो. तीन महिने मागितले. व्यवस्थापक आठ दिवसांवर अडला. चहा आला, गार झाला. मी आवाज चढवला, उठून दारापर्यंत गेलो, परत येऊन बसलो. शेवटी महिन्यावर हात मिळवला. त्या दिवशी बाजारात भेटेल त्याला ती हकीकत सांगितली. ताईला म्हणालो, "पाय वं ताई, आठाचे तीस केले!" ती खूप हसली.

एकविसाव्या दिवशी मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. भाकर वाढता वाढता ती थांबली. "डोकं पार भरून गेलं गा…" मी म्हणालो, "अवं, अजून नऊ दिवस हायेत ना!" ती पुन्हा भाकर वाढू लागली. दोन दिवसांनी तो फोन आला.

ताईसाठी पुण्यानुमोदनाला सगळे जमलो, त्या दिवशी नलूबाईंनी मला बाजूला घेतलं. त्या ताईच्या शेजारच्या खिडकीत बसत. आता त्यांनी नोकरी सोडली आहे. "भाऊ, महिना भेटला, पण काम एक नव्हतं. नोंदणी झाली का बिलं, बिलं झाली का विमा, मंग औषधाचा साठा. रोज नवीन. खिडकीवर पेशंटनं नुसतं नाव सांगितलं तरी ताई दचके." मी ओरडलोच, "मंग मले काहून नाही सांगितलं?" नलूबाई खाली पाहत म्हणाल्या, "भावाले सांगा, असं मी म्हटलं होतं. त्या म्हणे, नको, भाऊ लय खुश हाये. त्याचा सौदा खोटा पडंल."

पेटी उलटी केल्याशिवाय मी आजवर संत्रं घेतलेलं नाही. वरचा थर गोमटा, खाली बारीक माल, हे मला कोणी शिकवायला नको. ताईच्या बाबतीत मात्र मी दिवस मोजून घेतले आणि त्या दिवसांत काय काय भरणार, ते विचारलंच नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय आधीपासूनच कमजोर होतं. असेल. त्यांच्याशी माझा वाद नाही.

तिचा फोन आता माझ्या गाळ्यात असतो. रोज दुपारी तीनला तो वाजतो आणि पडद्यावर तिनं लिहिलेलं येतं, "दहा मिनिटं काही शिकू नको." ही दहा मिनिटं ती रुग्णालयाच्या जिन्यात डोळे मिटून बसे. दुसऱ्या आठवड्यात व्यवस्थापकानं तेही बंद केलं, असं नलूबाई सांगतात. फोन वाजतच राहिला. तो गजर मला बंद करता येतो, पण मी करत नाही. गिऱ्हाईक समोर असतं, भाव चालू असतो आणि मी मध्येच हातातलं संत्रं खाली ठेवतो. तो जिना दिसतो… कोणीतरी पायरीवरून उठून खिडकीकडे निघालेलं असतं, आणि माझ्या तोंडून हाक निघत नाही.

व्यवस्थापक साहेब, माझ्या हातात हात देताना बाकीची तीन कामं तुमच्या टेबलावर होती की नव्हती? तुमच्याकडे फळं पाठवणं मी बंद केलंय, पण त्यानं काही मिटत नाही. तिच्या सुनेसमोर बसा आणि सांगा. होती, की नव्हती. अधलंमधलं मी घेणार नाही.