निशातगंजच्या पुलावर कुणी उतरणार नाही

विनया साठे सांगलीची. नवऱ्याची, धनंजयची, बँकेतून लखनऊला बदली झाली तेव्हा तीही आली, आणि टंडनसाहेबांच्या सायकलरिक्षाच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली. अक्षर सुरेख, भाषा नेटकी, म्हणून चौऱ्याण्णव साली साहेबांनी तिला प्रसिद्धीचं काम दिलं. कारखान्यानं गिअरची रिक्षा काढली होती. तिची बातमी छापून आणायची.

विनयानं सात प्रेसनोटा पाठवल्या. एकही छापून आली नाही.

शेवटी ती स्वतः हजरतगंजमधल्या एका हिंदी दैनिकाच्या कचेरीत गेली. शहराच्या बातम्या रिझवी नावाचे काडीसारखे बारीक गृहस्थ पाहत. त्यांनी तिचाच कागद काढून मोठ्यानं वाचायला घेतला. "हमें यह सूचित करते हुए अपार हर्ष हो रहा है कि..." पुढं साहेबांच्या पदव्या, त्यांच्या वडिलांच्या पदव्या, उद्घाटनाला आलेल्यांची नावं. अर्ध्यावर रिझवींना दम लागला. त्यांनी पाणी मागवलं.

"मोहतरमा, इसमें ख़बर कहाँ है?"

विनया रोज रिक्षानं कामावर यायची. वाटेतल्या पुलाच्या चढाला रिक्षावाला उतरून हातानं रिक्षा ओढायचा, आणि लाजेनं तीही उतरायची. तेच तिच्या तोंडून निघालं. "जी, अब पुल पे कोई उतरेगी नहीं."

तिच्या हिंदीला रिझवी हसले. मग टेबलावरून पुढं झुकले. "निशातगंजच्या पुलावर? सवारीसकट?"

"सवारी कितीही जाड असू दे."

"यही बात लिखिए ना. बाकी सब फेंक दीजिए."

ती तरंगतच परतली. नवी नोट चार ओळींची झाली: शनिवारी सकाळी आठ वाजता, निशातगंजचा पूल, एक रिक्षा, आत एक क्विंटल वजनाचे मालक, रिक्षावाला उतरला तर कारखाना सगळ्यांना जिलबी देईल.

टंडनसाहेबांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "और मेरा नाम?"

"सर, तुम्ही नावात नाही, फोटोत आहात."

साहेबांनी पोटावरून हात फिरवला आणि होकार दिला.

शनिवारी पुलाच्या पायथ्याशी पन्नासेक माणसं जमली. फोटोग्राफरला घेऊन रिझवीही आले. रिक्षा छेदीलाल नावाचा रिक्षावाला चालवणार होता. तो सीटवर चढणार इतक्यात विनयाला काय सुचलं कोण जाणे, ती रिझवींसमोर जाऊन उभी राहिली. "आप चलाइए."

"मैं?"

"तुम्ही चढवलीत तर कुणालाही चढवता येईल."

रिझवींनी चष्मा फोटोग्राफरच्या खिशात कोंबला आणि पॅडल मारलं. छेदीलाल साहेबांच्या शेजारी अंग चोरून बसला आणि मागून सांगू लागला, "छोटा गियर, बाबूजी, छोटा." रिक्षा गोगलगायीसारखी, पण न थांबता चढत गेली. माथ्यावर टाळ्या पडल्या. रिझवींनी दोन्ही हात वर केले, आणि रिक्षा उताराला लागली.

उताराचा विचार कुणीच केला नव्हता. साहेबांनी छताची दांडी घट्ट धरली. त्यांच्या तोंडून निघणारा आवाज भीतीचा की हसण्याचा, कळेना. साडीचा ओचा धरून विनया मागं धावत होती, हातातल्या प्रेसनोटा वाऱ्यावर उडत होत्या, आणि लोक त्या झेलून वाचत होते. छेदीलालनं पुढं वाकून ब्रेक आवळला तेव्हा रिक्षा एका पेरूच्या गाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. साहेब उतरले, डोळे पुसले आणि म्हणाले, "एक बार और."

रविवारी तिसऱ्या पानावर चार कॉलमांचा फोटो आला. मथळा होता: 'मालिक सवारी, पत्रकार सवार'. कारखान्याचं नाव शेवटच्या ओळीत होतं, पण सोमवारी फाटकाशी रिक्षावाल्यांची रांग लागली, आणि दुपारपर्यंत आणखी दोन वर्तमानपत्रांचे फोन आले. विनया प्रत्येकाला आधी पुलाचं सांगायची, मग बाकीचं.

पुढं धनंजयची नागपूरला बदली होईपर्यंत पाच वर्षं तिनं हेच काम केलं. हजरतगंजमधले दुकानदारसुद्धा आपले जाहिरातीचे कागद तिच्याकडून तपासून न्यायचे. ती पहिल्या तीन ओळी खोडून परत द्यायची.

त्या रविवारी मात्र तिला घरात बसवेना. पेपर काखेत मारून ती एसटीडी बूथमध्ये शिरली आणि सांगलीला बहिणीला, कल्पनाला, फोन लावला. हसू आवरत, अडखळत सगळं सांगितलं.

कल्पनानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "ते सगळं ठीक आहे गं," ती काळजीनं म्हणाली, "पण भावोजींना माहितेय का, तू रिक्षा चालवायला लागलीस ते?"