पाण्यातला डोंगर

एकवीस वर्षं दाबमामा एकाच हीट प्रेससमोर उभे होते. हिंडणाऱ्या लोकांनी फोटोत टिपलेले डोंगर, वाळवंटं, किनारे पिशव्यांवर उतरवायचे, हे त्यांचं काम. छापील कागद पिशवीवर पालथा ठेवायचा, दांडा खाली ओढायचा, चाळीस मोजायचे, दांडा वर. दिवसाला तीनशे वेळा. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. त्यातला एकही डोंगर त्यांनी पाहिला नव्हता. "डोंगरच येतात माझ्याकडे, तेही गरमागरम," म्हणायचे.

मागच्या महिन्यात त्यांच्या हातून साठ पिशव्या तिरक्या निघाल्या. मालकीणबाईंनी तोंडावर सांगितलं, "मामा, आता एक गठ्ठा जरी वाया गेला, तर प्रेस दुसऱ्याच्या हाती देईन." मामांनी सबब सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी नवा चष्मा करून आणला.

पुढचं काम तळ्याच्या फोटोचं आलं. पाणी अगदी निवांत. वर डोंगर, पाण्यात तोच डोंगर. बाईंनी प्रत्येक कागदाच्या कडेला पेनाने बाण काढला होता, ही बाजू वर म्हणून. मामांनी पहिला कागद उचलला आणि ते अडले. छापण्याआधी कागदावरचे रंग धुवट असतात, उष्णता लागली की उघडतात. त्यांनी एका चिंधीवर छाप काढून पाहिला. बाणाच्या बाजूचा डोंगर काळपट निघाला, दुसरा उजळ.

"बाई, बाण उलटा पडलाय."

"दोन्ही डोंगर सारखेच तर आहेत. गिऱ्हाईक चारला येतंय, ओढा दांडा."

"सारखे नाहीत. पाण्यातला नेहमी काळा पडतो."

"तुम्ही कधी गेला होतात तळ्यावर?"

"तळं कशाला? बादली आहे की."

दाराशी, उजेडात, पाण्याची बादली होती. मामांनी बाईंचा चहाचा पांढरा मग तिच्यावर धरला. बाई वाकल्या. हातातला मग पांढरा, पाण्यातला मळकट.

"मगच धुतला नसेल नीट."

मामांनी मग घासून, धुऊन पुन्हा धरला. पाण्यातला मळकट तो मळकटच.

बाईंनी तो स्वतःच्या हाताने पाण्यावर धरून पाहिला. मग म्हणाल्या, "करा तुमच्या मनासारखं. पण चुकलं, तर मी शब्द फिरवणार नाही."

"नका फिरवू."

एकशे ऐंशी कागद. प्रत्येक फिरवून लावायचा, बाणाकडे बघायचं नाही. एकवीस वर्षांची सवय बाणाकडे बघायची, त्यामुळे जास्त जपावं लागलं. मामा जेवायला बसलेच नाहीत.

चारला फोटोवाला आला. त्याने एक पिशवी बंदांना धरून खिडकीपाशी नेली. मामा आधीच पुसलेली प्रेस पुन्हा पुसू लागले.

"बरं झालं," फोटोवाला म्हणाला. "मागच्या ठिकाणी डोंगर पाण्यात बुडवून दिला होता मला." पिशवी खांद्याला अडकवून त्याने बाकीचे गठ्ठे उचलले.

तो गेल्यावर बाईंनी आपला पेन आणून प्रेसवर ठेवला. "यापुढे बाण तुम्हीच काढत जा."

मामांनी पेन चिंधीवर ओढून पाहिला. रेघ मध्येच तुटली.

"नवा आणा," ते म्हणाले आणि जेवायला बसले.