डाव्या स्टेअरिंगची निळी अमेरिकन

गाडी बघायला जायचंय, एवढंच ह्यांनी मला सांगितलं होतं. ह्यांचं नांदेडात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. मला वाटलं, घरात लागते तशी एखादी जुनी लहान गाडी असेल. उदगीरला उतरून आम्ही किल्ल्याकडच्या एका गल्लीत गेलो, तेव्हा चिंचेखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. फिकट निळी, वर पांढरं छप्पर, पुढं निकलचा भला मोठा बंपर आणि मागं माशाच्या परांसारखे दोन कोपरे. आमचं स्वयंपाकघर तिच्यापेक्षा लहान असेल.

"ही?" मी विचारलं.

"अमेरिकन हाय," हे म्हणाले. बस्स, जणू त्यात सगळं आलं.

गाडीचे मालक एक वयस्क चाचा होते, पिढीजात कापडाचे व्यापारी. हैदराबादेत नोकरीला असलेला कुणी परदेशी साहेब मायदेशी जाताना ही गाडी विकून गेला, ती त्यांच्या वडलांनी घेतलेली. म्हणूनच तिचं स्टेअरिंग डाव्या अंगाला होतं. ह्यांनी बॉनेट उघडून इंजिनात डोकं घातलं. चाचा मात्र ह्यांच्याशी न बोलता माझ्यापाशी आले.

"बेटी, गाडीत तू बसनार ना?"

"बसेन की."

"मंग ऐक. ह्यात चालवनारा डावीकडं बसतो. म्होरं ट्रक असला की त्याला पलीकडचं काहीच दिसत न्हाई. उजवीकडं बसनाऱ्यानं वाकून बघायचं आनि सांगायचं, चला का थांबा. माझी बेगम सांगायची. ती गेली, तवापासून ह्या गाडीनं मी एकबी ट्रक मागं टाकला न्हाई." मग म्हणाले, "भंगारवाले लई येऊन गेले. मला चालवनारे दोघं पाहिजेत. तुला जमंल?"

मला खरं तर ती गाडी नकोच होती. पण ते इतक्या गंभीरपणे विचारत होते की माझ्या तोंडून "जमंल" निघून गेलं. व्यवहार त्या एका शब्दावर ठरला, असं मला आजही वाटतं.

महिनाभर नांदेडच्या एका दाढीवाल्या मिस्त्रींनी उदगीरला खेपा घालून इंजिन चालू केलं आणि एका रविवारी आम्ही ती घरी आणायला निघालो. पुढची सीट म्हणजे सोफाच, एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी, मधे आणखी दोघं बसतील एवढी जागा. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच. जळकोटच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं आला.

"बघ, हाय का मोकळं?"

मी मान बाहेर काढून पाहिलं. रस्ता मोकळा होता. पण चला म्हटलं आणि काही झालं तर? मी म्हटलं, "न्हाई."

थोड्या वेळानं ह्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा "न्हाई." मागून एसटीवाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी आम्हाला आणि ट्रॅक्टरला दोघांनाही मागं टाकून निघून गेला. मलाच माझी लाज वाटली. मग एक सरळ पट्टा लागला, पार टोकापर्यंत रिकामा. मी डोळे ताणून पाहिलं आणि ओरडले, "चला!"

गाडीनं असा काही जोर धरला की पदर उडून माझ्या तोंडावर आला. ट्रॅक्टर मागं राहिला. आम्ही दोघंही हसत सुटलो.

मुखेडात बाजाराची गर्दी होती, गाडी माणसाच्या चालीनं सरकत होती. मी हाताची घडी घालून बसले होते. आपल्याकडं उजवीकडं बसतो तो ड्रायव्हर. एका भाजीवालीनं मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं माय! बाई हात बांधून गाडी चालवून राहिली!" लोक वाकून बघायला लागले. मी मुद्दाम हाताची घडी आणखी घट्ट केली.

घरात आम्ही फार बोलणारे नव्हतो. हे दुकानातून थकून यायचे, मला वह्या तपासायच्या असायच्या. जेवण, लाईटबिल, पोरीची फी, एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. गाडीत मात्र बोलावंच लागायचं. चला, थांबा, येऊन राहिलाय, जाऊ द्या त्याला. ह्या शब्दांच्या मधे मग दुसरेही शब्द यायला लागले. रविवारी सकाळी आम्ही अर्धापूरला जायचो, डिक्कीत केळीचा घड टाकायचो. परतीच्या वाटेवर गाडीत पिकल्या केळ्यांचा वास भरायचा. अशाच एका वाटेवर ह्यांनी मला सांगितलं, की मुखेडच्या वडिलोपार्जित शेताची वाटणी झाली तेव्हा भाऊ बोलला ते अजून त्यांच्या मनातून गेलेलं नाही. अठरा वर्षांच्या संसारात ते मी पहिल्यांदा ऐकत होते.

मीही एकदा धीर केला. "मला बाहेरून एम.ए. करायचंय. लई दिवसांचं मनात हाय. थांबा! टँकर हाय!"

टँकर धडधडत गेला. हे म्हणाले, "कर की. आता चला का?"

"चला."

मी एम.ए. झाले ते असं.

पण एकदा माझी चूक झाली. नायगावच्या रस्त्यावर कडब्यानं भरलेला टेम्पो पुढं होता. मी पाहिलं, रस्ता मोकळा दिसला, "चला" म्हटलं. तिथं रस्ता खाली उतरून पुन्हा वर चढत होता, आणि त्या खोलगट भागात एक मोटारसायकल होती, ती मला दिसलीच नाही. नवरा-बायको, मधे दुधाची किटली. ह्यांनी गाडी उजवीकडं घातली ती सरळ सोयाबीनमध्ये. मोटारसायकलवाला थोडं पुढं जाऊन थांबला. कुणाला खरचटलंही नाही. ती बाई किटली तशीच घट्ट धरून रडत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. शेवटी तिनंच माझा हात धरला.

शेतकऱ्यानं ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली, पिकाबद्दल एक शब्द बोलला नाही. घरी येईपर्यंत हे एकाही गाडीच्या पुढं गेले नाहीत. मी मागच्या सीटवर बसून आले.

"मी आता तिथं बसनार न्हाई," मी सांगून टाकलं.

तीन आठवडे गाडी झाकून उभी राहिली. ह्यांनी मला एकदाही तिथं बस म्हटलं नाही, की तुझ्यामुळं झालं असंही म्हटलं नाही. मग एका रविवारी चहा पिऊन झाल्यावर किल्ली माझ्यापुढं ठेवली. "तू चालव. मी उजवीकडं बसतो."

"मला कुठं येतं?"

"शिकशील. मला बी कुठं सांगता येतं?"

मिस्त्रींच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत मी दोन महिने गोल गोल फिरले. क्लच इतका जड की रात्री पिंडरीला तेल लावायला लागायचं. लायसन मिळाल्यावर पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर आले, पुढं ट्रक आला. मी विचारलं, "बघा, हाय का मोकळं?"

हे वाकून बघत राहिले. कपाळावर घाम. "हाय वाटतं... न्हाई, थांब... आता... न्हाई, थांबच." पाच-सहा मैल आम्ही त्या ट्रकच्या मागंच होतो. मग सीटला पाठ टेकून म्हणाले, "लई अवघड हाय गं हे. मला वाटायचं चालवनाऱ्यालाच काम असतं."

त्या वाक्यानं माझ्या मनावरचं ओझं उतरलं. परत येताना मी माझ्या उजवीकडच्या जागेवर बसले.

पुढच्या ईदला आम्ही गाडी घेऊन उदगीरला गेलो. चाचा आता काठी घेऊन चालत होते. त्यांना मागच्या सीटवर बसवून देगलूर रस्त्याला फिरवून आणलं. ट्रक आला, मी बाहेर वाकले आणि म्हटलं, "चला." गाडी पुढं निघाली. मी वळून पाहिलं, तर चाचा डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडताच म्हणाले, "बेटी, अजून एखादा ट्रक गाठा ना." आम्ही दोन गाठले. उतरताना त्यांनी दारावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यानंतर वर्षभरात ते गेल्याचं कळलं.

आमच्याकडं ती गाडी पंधरा वर्षं होती. मग रस्ते मोठे झाले. येणारे वेगळे, जाणारे वेगळे, मधे दुभाजक. लोकांची सोय झाली, अपघात कमी झाले असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या रस्त्यावर मला सांगायला काही उरलं नाही. पहिल्यांदा तिथून गेलो तेव्हा सवयीनं मी दोनदा मान बाहेर काढली. हे हसले आणि म्हणाले, "बस निवांत." मी निवांत बसले आणि मला करमेना.

मिस्त्रींची नजर अधू झाली. झिजलेला भाग लेथवर तसाच्या तसा करून देणारं दुसरं कुणी सापडेना. ह्यांचा गुडघा क्लचला साथ देईना. गेल्या वर्षी लातूरच्या एका जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या माणसानं गाडी विकता का विचारलं, आणि आम्ही हो म्हटलं. तो स्वतः ट्रक घेऊन आला. गाडी चढवताना हे प्रत्येक दोर दोनदा ओढून बघत होते. ट्रक वळून दिसेनासा झाला तरी हे फाटकाशीच उभे होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"बोल काहीतरी," हे म्हणाले.

मी शाळेतल्या एका मुलीची गोष्ट काढली. ती संपेपर्यंत आम्ही तिथंच उन्हात उभे होतो.