पुस्तकांचा दुसरा संच

बाबाचे दिवस झाल्यावर मी त्याचा खराडीचा फ्लॅट आवरायला गेले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात पाचवी ते दहावीची पाठ्यपुस्तकं होती. सगळ्यांना खाकी कव्हरं. लेबलांवर त्याच्या अक्षरात इयत्ता आणि विषय. नावाची ओळ कोरी.

ही माझी असणं शक्य नव्हतं. माझी पुस्तकं आई दर मे महिन्यात रद्दीत घालायची. मग ही कुणाची?

मी चौथीत असताना आईबाबा वेगळे झाले. मी आईबरोबर कोथरूडला राहिले; तो नव्या सॉफ्टवेअर कंपनीजवळ, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दर बुधवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "कुठवर आलात गं?" मला वाटायचं, अभ्यास तपासतोय. आई स्वयंपाकघरातून ऐकवायची, "म्हणावं, तूच जाऊन बस वर्गात. तिथे तरी हजेरी लागेल."

मी फरशीवर बसून पुस्तकं चाळू लागले. प्रत्येक धड्याच्या वर पेन्सिलीने तारीख होती. काही तारखा मोबाइलवर पडताळून पाहिल्या. सगळे बुधवार.

आठवीच्या विज्ञानात मात्र सहाव्यापासून दहाव्यापर्यंत पाचही धड्यांवर एकच तारीख होती, आणि ती एका रेघेने खोडलेली. बराच वेळ अर्थ लागेना. मग आठवलं. मैत्रीण खाली थांबली होती म्हणून मी फोनवर ठोकून दिलं होतं, "दहावा झाला. ठेवू?" आम्ही तेव्हा पाचव्यावर होतो. त्याने बिचाऱ्याने पाच धडे वाचून काढले असणार.

खोडलेल्या तारखेखाली प्रत्येक धड्याला नवी, खरी तारीख होती. म्हणजे थाप त्याला कळली होती. पण कशी? सातव्या धड्याशी आले तेव्हा तेही उलगडलं. त्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा पाहिला होता, आणि थाप विसरून मीच सांगत सुटले होते.

"बाबा, तुला माहितीये कसा दिसतो?"

"नाही गं. कसा?"

मग तो विचारतच राहिला. कुठला डोळा मिटलास? रांगेत कितवी होतीस? त्या दिवशी आम्ही अर्धा तास बोललो असू.

पुस्तकात पापुद्र्याची चांगली अर्ध्या पानाची आकृती होती. तिच्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं: "विटांची भिंत, पण ओली. डावा डोळा. रांगेत तिसरी."

अकरावीची पुस्तकं शोधायला मी उरलेले कप्पेही उघडले. नव्हती. कॉलेज सुरू झाल्यावर त्याच्या नेहमीच्या प्रश्नाला मी म्हणाले होते, "आता क्लासच्या नोट्स असतात रे. पुस्तकं कोण वाचतं?"

पुढच्या बुधवारी त्याने ते विचारलंच नाही. तो म्हणाला, "डब्याला काय नेतेस हल्ली?"

"पोळीभाजी," मी म्हणाले. "ठेवू?"