स्टेशनबाहेरचा लाल डाग

मी काही लिहावं एवढी माझी लायकी नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आमच्याकडे लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं, तेही खाडाखोड न करता. पण चूक माझी आहे, तेव्हा दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतो.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मॅडमनी मला एक अवाढव्य फाइल दिली. मीरा-भाईंदरच्या रस्त्यांवरच्या मोबाइलचे ठिपके: कुठे, किती वाजता, किती वेगाने. नाव कुणाचंच नाही. वेग कमी तिथे कोंडी, असं मी कॉम्प्युटरला शिकवलं. त्याने मीरा रोड स्टेशनबाहेर एक लालभडक डाग काढून दाखवला. सकाळी लाल, संध्याकाळी लाल, भर दुपारी कुत्रीसुद्धा सावलीला पडलेली असतात तेव्हाही लाल.

मॅडम खूश. अहवालाच्या नमुन्यात ‘शिफारस’ असा एक चौकोन होता. तो रिकामा ठेवायची माझी हिंमत झाली नाही. मी लिहिलं, इथला शेअर रिक्षाचा स्टँड हलवावा. माझे पप्पा त्याच स्टँडवर रिक्षा चालवतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण अभ्यासात घरचं आणायचं नसतं, असा माझा समज होता. अहवाल वाहतुकीच्या एका समितीकडे गेला.

मग मोठ्या अभिमानाने मी नकाशा घरी दाखवला. पप्पा जेवत होते.

“हे लाल काय आहे?”

“जाम आहे, पप्पा.”

“जाम कसला? आमची लाईन आहे ती. नंबर येईपर्यंत इंजिन बंद करून मोबाइल बघत बसतो आम्ही. पॅसेंजर भरले की पुढचा निघतो, मागचे सरकतात.”

आई म्हणाली, “एवढं शिकलास, आणि बापाची रिक्षा उभी आहे की अडकलीय एवढं कळेना?”

मी शिफारशीचं सांगितलं. पप्पांनी ताट बाजूला सरकवलं.

“हलवून ठेवणार कुठे?”

“ते नाही लिहिलं.”

“म्हणजे हवेत.”

स्टेशनच्या जिन्यावरून उतरणारा माणूस समोर दिसेल त्या रिक्षात बसतो. शंभर पावलं चालून आमच्या पप्पांना शोधत कुणी येणार नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त फाइलमध्ये नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन पप्पांच्या रिक्षात बसलो.

“काय इंजिनिअर, आज किस को हटाने का?” मागच्या रिक्षातून आवाज आला. “पहिला तुझ्या बापालाच हटव, माझा नंबर लवकर येईल!”

मी मान खाली घालून लिहीत राहिलो. थांबणं, एक रिक्षाभर सरकणं, पुन्हा थांबणं, आणि पहिला नंबर आला की सुसाट जाणं. कोंडीत अडकलेली गाडी असं करत नाही. अशा चालीचे ठिपके मी वेगळे काढले. डाग आटला. संध्याकाळची एक बारीक लाल रेघ उरली, तीही दुकानांसमोर लावलेल्या गाड्यांपाशी.

दुरुस्तीचं पत्र घेऊन मी मॅडमकडे गेलो.

“चूक कबूल केलीस तर मार्क जातील तुझे.”

“जाऊ देत,” मी म्हणालो. इतक्या हळू, की त्यांना ऐकू गेलं नसतं तरी चाललं असतं. त्यांनी पत्र समितीला पाठवलं.

मग रोज जेवताना पप्पा विचारायचे, “आला काय निरोप?” मी नाही म्हणायचो. ते भात कालवायला लागायचे.

शेवटी एका दुपारी मॅडमचा फोन आला. माझा अहवाल समितीत कुणी उघडलाच नव्हता. माझं पत्र वाचून समितीच्या लोकांनी तो शोधून काढला, बैठकीत घेतला, दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले. स्टँड आहे तिथेच राहणार.