प्रतिज्ञेतलं जादाचं वाक्य

रूथच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "मावशी, आई गेली… सकाळी चहा घेतला आणि म्हणाली, जरा पडते." एस्तेर पुढेही काहीबाही सांगत होती, पण मला ऐकू येणं थांबलं होतं. समोर सावेडीच्या गच्च्या, टाक्या, कोणाचे तरी पापड… आणि त्या सगळ्यावर कुठून तरी पांढरी धूळ उतरत असल्यासारखं वाटलं. खडीची धूळ. ती बघायला डोळे मिटावे लागत नाहीत, इतकी वर्षं झाली तरी.

त्याला आता काही आठवडे झाले. पेपरवाले पुरवणीसाठी तिच्याविषयी लिहा म्हणाले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. रूथ काही कोणी मोठी बाई नव्हती. बालवाडीत शिकवायची, रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, गायची आणि मला वेळीअवेळी हक्काने रागवायची. पण तिने एकदा एक वाक्य म्हटलं होतं, आणि ते तिच्याबरोबर जाऊ द्यावं असं मला वाटत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात नेवासे तालुक्यातल्या आमच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं. आमची चांगली बागाईत, पण विहिरींनी तळ दाखवल्यावर बागाईतदार काय आणि दुसरं कोण काय, सगळे खडी फोडायला बसले. रूथ आमच्याच गावची, गावाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या ख्रिस्ती वस्तीतली. मिशनच्या शाळेत शिकलेली. आम्ही दोघी शेजारी बसायचो. ऊन चढलं की सगळा माळ थरथरल्यासारखा दिसायचा, शेकडो हातोड्यांचा आवाज एकात एक मिसळून जायचा आणि आपण जागे आहोत की झोपेत हेच कळेनासं व्हायचं. अशा वेळी रूथ हळूच एखादं भजन गुणगुणायची. तहान त्याने भागत नसे, पण वेळ जायचा.

पाणी टँकरने यायचं आणि दोन पिंपांत ओतलं जायचं. एक बाभळीखाली, सावलीत. ते आमचं. दुसरं पलीकडे उन्हात. ते रूथच्या वस्तीचं आणि तिच्या शेजारच्या, गावकुसाबाहेरच्या वाड्यांचं. दोन पिंपं ठेवा असं कोणी सांगितलं नव्हतं. ती आपली होती, जसा माळ होता, तशीच.

एकाहत्तरची लढाई होऊन वर्ष उलटत होतं आणि देशभक्तीला भरती आली होती. गावचे पुढारी, त्यांना सगळे आण्णा म्हणत, त्यांच्या मनात आलं की कामाला हात घालण्याआधी रोज प्रतिज्ञा व्हावी. शाळेतली पोरं म्हणतात ती. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्याच सुमारास, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीत किडे निघतात म्हणून कोणी कुरकुरलं की आण्णा म्हणायचे, "तिकडं जवानांनी रगत सांडलं, आनि तुमी सुकडीवर भांडताय व्हय? ह्यो देशद्रोह हाय." मग माणूस गप्प व्हायचा. देशद्रोही म्हणवून घेण्यापेक्षा किडे निवडलेले बरे.

प्रतिज्ञा सांगायची कोणी? आण्णा स्वतः दुसऱ्या ओळीतच अडकले. शेवटी रूथला उभं केलं. तिला पाठ होती आणि आवाजही खणखणीत. देवळात पाळक एक ओळ म्हणतात आणि मंडळी ती मागून म्हणतात, त्यात वाढलेली पोर. ओळ कुठे तोडायची, लोकांना श्वास घ्यायला किती वेळ द्यायचा, हे तिच्या अंगातच होतं. ती मातीच्या ढिगावर चढायची, उजवा हात समोर धरायची आणि म्हणायची, "हात पुढे!" की सगळ्या माळाचे हात पुढे. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते भेगाळलेले हात बघताना माझ्या अंगावर खरोखर काटा यायचा. रूथच्या तर डोळ्यांत पाणी असायचं. तिचा सख्खा भाऊ त्या लढाईत होता, हे आण्णांच्या ध्यानात नसावं.

महिना-दोन महिन्यांत लोक इतके सरावले की डोकं न वापरता मागून म्हणायला लागले. रूथ शिंकली असती तर शिंकलेही असते.

मग एक दिवस जिल्ह्याचे साहेब काम बघायला येणार म्हणून माळ झाडून काढला. साहेब आले, आण्णा त्यांच्या शेजारी डोळे मिटून, हात लांबवून उभे राहिले. रूथने सुरुवात केली. सारे भारतीय माझे बांधव असल्याची ओळ झाली. लोकांनी ती म्हटली. आणि त्याच सुरात, त्याच संथपणे रूथ पुढे म्हणाली, "आमच्या तलावावर पाण्याची पिंपं दोन आहेत."

सगळा माळ म्हणाला, "आमच्या तलावावर पाण्याची पिंपं दोन आहेत."

"पाणी एकाच टँकरचं आहे."

"पाणी एकाच टँकरचं आहे." यात आण्णांचाही आवाज होता. डोळे मिटलेलेच होते त्यांचे.

मग रूथने उरलेली प्रतिज्ञा नीट पुरी केली आणि ढिगावरून उतरली. मला हसू फुटत होतं, मी पदर तोंडाशी धरला. साहेब चालत बाभळीखाली गेले, तिथून उन्हातल्या पिंपाकडे गेले, झाकण उचलून हात लावून पाहिलं. पाणी चहासारखं तापलेलं असणार. मुकादमाला त्यांनी हळू आवाजात एवढंच सांगितलं की उद्यापासून पिंप एकच हवं, आणि ते सावलीत.

जीप दिसेनाशी झाल्यावर आण्णा पेटले. "प्रतिज्ञेची चेष्टा? देशाची चेष्टा करती? उद्या समद्यांम्होरं म्हनायचं, मी खोटं बोलले, चुकले. तरच हजेरी ऱ्हाईल."

संध्याकाळी दोघी पायवाटेने गावाकडे चाललो होतो. मी तिला समजावत होते. तिची आई अंथरुणाला खिळलेली, भावाची मनिऑर्डर कधी यायची कधी नाही, घर तिच्याच हातोडीवर चाललेलं. "म्हणून टाक ना रूथ. दोन शब्द तर आहेत."

तिने हातोडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "सुमे, मला ती प्रतिज्ञा लई आवडती गं. रोज हात पुढं करून म्हनते आनि मग त्या उन्हातल्या पिंपाकडं जाते. माझा हात मलाच खोटा वाटाया लागला हुता." पुढे वस्तीची वाट फुटत होती. तिथे ती नेहमीसारखी हात हलवून वळली… ती पाठमोरी मला अजून दिसते. पदरावर पांढरी धूळ, आणि चाल अशी की जणू कुठे लग्नालाच निघालीय.

सकाळी बाभळीखाली एकच पिंप होतं. रूथने प्रतिज्ञा सांगितली, एक शब्द इकडेतिकडे न करता. आण्णा म्हणाले, "हं, आता म्हन."

तिचा हात अजून पुढेच होता. ती म्हणाली, "काल म्हटलं ते खरं होतं. आज एकच पिंप आहे, म्हणून आज म्हणत नाही."

आणि लोकांनी सवयीने तेही मागून म्हटलं! अख्ख्या माळाने, मीही. आधी सवयीने सुरू झालेला आवाज शेवटाला येईपर्यंत सवयीचा राहिला नव्हता. माझी आई पुढच्या रांगेत होती. कधी चारचौघांत तोंड न उघडणारी बाई, पण तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

आण्णांनी हजेरीतून रूथचं नाव काढायला लावलं. ती हातोडी खांद्यावर टाकून निघून गेली. बाभळीजवळून गेली, पण थांबली नाही. त्या पिंपातलं पाणी आम्ही सगळ्यांनी दुष्काळ सरेपर्यंत प्यायलं. तिने ते एकदाही प्यायलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिला पुढे शेवगावकडच्या रस्त्याच्या कामावर हजेरी मिळाली, तीही बऱ्याच उपासांनंतर. "तिकडं किती पिंपं?" मी विचारलं होतं. "दोन," ती हसली. "पन तिथं प्रतिज्ञा न्हाई." आमच्या तलावावर मग शाळेचे गुरुजी येऊन प्रतिज्ञा सांगू लागले. पण बांधवांची ती ओळ म्हणून झाली की माळ क्षणभर थांबायचा. गुरुजी पुढची ओळ सांगून मोकळे व्हायचे आणि लोक गप्पच. मग भानावर येऊन म्हणायचे. काम संपेपर्यंत ती जागा कोणी भरली नाही.

पुढे आम्ही दोघी नगरला आलो, संसार झाले, सावेडीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर म्हाताऱ्या झालो. पेपरात, टीव्हीवर कोणी कोणाला देशद्रोही म्हटलं की मी तिच्याकडे बघायची. ती म्हणायची, "आधी त्याला विचार, पाणी कुठं पितो." तिच्या फाटकाबाहेर एक रांजण असायचा. रिक्षावाले, भाजीवाल्या, शाळेतली पोरं, कोणीही यावं. ती लांब दांड्याचं ओगराळं भरून घ्यायची आणि हुकूम सोडायची, "हात पुढे!" माणसं ओंजळ पुढे करायची. त्या दोन शब्दांमागे केवढा माळ आहे, हे त्यांना कुठून कळणार!

परवा दुपारी त्या गल्लीतून जात होते. रांजण तिथेच होता, ओलं फडकं गुंडाळलेला. आसपास कोणी नव्हतं. माझा हात आपसूक पुढे झाला आणि मी तशीच उभी राहिले… त्या ओळीनंतर माळ थांबायचा, तशी. खिडकीतून एस्तेर म्हणाली, "मावशी, घ्या ना, आत्ताच भरलाय."

पाणी गार होतं. प्यायले, आणि डोळे भरून आले ते लपवले नाहीत. रूथ, आज एकच रांजण आहे, म्हणून आज काही म्हणत नाही. शेजारी दुसरा दिसला, तर मात्र हात पुढे करून मीच म्हणेन.